तुरटीचे स्फटिक वाढविणे

केंद्र व तालुका पातळीवरील विज्ञान प्रदर्शनांत तुरटीचा स्फटिक बहुधा मांडलेला असतोच. तो कोणत्या आठवड्यात किती वाढला, असे शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास विचारले, तर तो पुष्कळदा गुरुजींच्या तोंडाकडे पाहतो. प्रदर्शनाच्या चार दिवस आधी काम हाती घेतल्यावर दुसरे काय होणार? स्फटिक शिक्षक घरी वाढवितात आणि तक्ता बाजारातून येतो. वस्तुतः चांगल्या स्फटिकास दोन-तीन आठवडे लागतात, व ते दिवस मुलांनी स्वतः पाहावेत यासाठीच हा उपक्रम आहे.

तुरटी किराणा दुकानात मिळते ती, दाढीनंतर लावतात तशी स्वच्छ खड्याची घ्यावी. पाणीपुरवठा योजनेवर ज्या लाद्या वापरतात त्यांनाही तुरटीच म्हणतात. परंतु ते बहुधा अॅल्युमिनियम सल्फेट असते, आणि त्यापासून असे स्फटिक मिळत नाहीत.

यामागील तत्त्व सोपे आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १४ ग्रॅम तुरटी विरघळते, तर ५० अंशांस सुमारे ३७ ग्रॅम. म्हणजे गरम पाण्यात पुरेपूर विरघळविलेली तुरटी पाणी निवाले की त्यात मावत नाही व बाहेर पडू लागते. ती घाईने बाहेर पडली तर असंख्य बारीक कण होतात. सावकाश पडली तर तिचे कण एकाच स्फटिकावर क्रमाने बसत जातात.

अर्धा लिटर गरम पाण्यात सुमारे सव्वाशे ग्रॅम तुरटीची पूड ढवळून विरघळवावी. गरम पाण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. द्रावण दुहेरी फडक्यातून गाळून थोडेसे बशीत व बाकीचे काचेच्या बरणीत ठेवावे. एक-दोन दिवसांत बशीत लहान स्फटिक दिसू लागतील. त्यांतील सुटा, स्वच्छ पैलूंचा एक निवडावा; हा आपला बीजस्फटिक. तो नायलॉनच्या बारीक धाग्यास बांधावा. शिवणाच्या दोऱ्याला कुसे असतात, व त्यांवरही कण जमतात.

बहुतेकांचा प्रयोग फसतो तो यापुढे. द्रावण कोमट असतानाच बीज सोडले, की दुसऱ्या दिवशी नुसता धागा लोंबताना दिसतो. द्रावण पूर्ण निवावे, तळाशी थोडी तुरटी साचलेली दिसावी, मग वरचे नितळ द्रावण दुसऱ्या बरणीत ओतून त्यात बीज मधोमध टांगावे. तोंडावर कागद बांधून त्यास चार-पाच छिद्रे पाडावीत. तळाशी नवे स्फटिक वाढू लागले तर ते बीजाच्या वाट्याची तुरटी घेतात. अशा वेळी बीज बाहेर काढून, द्रावण पुन्हा तापवून, निववून व नितळून घ्यावे.

पत्र्याच्या छपराखालील वर्गात एक गंमत पाहावयास मिळते. दुपारच्या उष्म्याने स्फटिकाच्या कडा बोथट होतात व रात्री तो पुन्हा वाढतो. एक बरणी खिडकीत आणि दुसरी गोणपाटात गुंडाळून आतल्या भिंतीशी ठेवावी. फरकाचे कारण मुलांनाच शोधू द्यावे. पावसाळ्यात बाष्पीभवन मंद असते, म्हणून हा उपक्रम दिवाळीनंतर घेणे सोयीचे.

तुरटीच्या पूर्ण वाढलेल्या स्फटिकास आठ पैलू असतात. चौकोनी पायाचे दोन मनोरे पायाशी जोडावेत तसा तो दिसतो. सहावी-सातवीच्या मुलांकडून याचे एक मापन अवश्य करवून घ्यावे. लहान स्फटिकाच्या दोन लगतच्या पैलूंमधील कोन जाड पुठ्ठ्यात खाच कापून बसवावा. तो सुमारे साडेएकशे नऊ अंशांचा असतो. तीच खाच तीन आठवड्यांनी मोठ्या स्फटिकाच्या कडेवर ठेवली असता तंतोतंत बसते. आकार वाढला, पैलू लहानमोठे झाले, तरी कोन बदलला नाही. निकोलस स्टेनो याने १६६९ साली गारेच्या स्फटिकांविषयी हेच लिहून ठेवले होते, आणि कण आत ठरावीक रचनेने बसलेले असतात याचा प्रत्यक्ष पुरावा १९१२ साली क्ष-किरणांनी मिळाला. दख्खनच्या काळ्या पाषाणात विहीर खणताना निघणाऱ्या गारगोट्या मुले आणतातच. त्यांचे पैलूही या निमित्ताने न्याहाळावेत.

मोरचुदाचे निळे स्फटिक मोहक असतात, परंतु मोरचूद विषारी आहे. प्राथमिक शाळेत तो वापरू नये. तुरटीचे द्रावणही कोणी चाखू नये, व बरणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

नोंदवहीत दर सोमवारी व शनिवारी स्फटिकाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहावी, व ज्याची पाळी असेल त्या मुलाने खाली आपले नाव घालावे. बीज विरघळले तर तीही नोंद तारखेसह राहू द्यावी. प्रदर्शनात तीच वही स्फटिकाशेजारी मांडावी.

तयार स्फटिक कोरड्या हवेत हळूहळू पांढरट पडतो. तो टिपून कोरडा करावा आणि त्यावर रंगहीन वार्निशाचा पातळ हात द्यावा. उरलेले द्रावण पसरट काचेच्या भांड्यात आटू दिले की तुरटी परत मिळते. ती नाव लिहिलेल्या डब्यात भरून पुढील वर्षीच्या वर्गाकरिता ठेवावी.