बायोप्सीआधीची रक्ततपासणी

सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या, संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ, लघवीला फेस. मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं वाहून जाऊ लागली की असं होतं. गाळणी बिघडवणारे आजार अनेक. बाहेरून सारखेच दिसतात. उपचार मात्र वेगळे. एकाला स्टेरॉइड चटकन लागू पडतं, दुसऱ्याला नुसतं स्टेरॉइड पुरत नाही. म्हणून पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासावा लागे, म्हणजेच बायोप्सी.

२००९ साली बोस्टनच्या लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांच्या गटाला अशाच एका आजाराच्या, ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी’च्या, दुसरं मूळ कारण न सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या रक्तात गाळणीतल्याच पीएलए२आर या प्रथिनावर उलटलेली प्रतिपिंडं सापडली. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण आजाराची ओळख रक्ताच्या एका नळीत आली. प्रथिनं भरपूर जात असतील, मूत्रपिंडाचं काम ठीक असेल आणि चाचणी पॉझिटिव्ह आली, तर बहुधा बायोप्सी लागत नाही. ‘केडिगो’ या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना तर हा मोठाच दिलासा. निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असं मात्र समजू नये. तेव्हा बायोप्सीच करावी लागते. उपचार लागू पडले की आधी प्रतिपिंडं उतरतात, लघवीतला फेस बऱ्याचदा काही महिन्यांनी.