लय जुळविणारें यंत्र

एकाच भिंतीवर लंबकाचीं दोन घड्याळें टांगलेलीं असलीं म्हणजे रात्रीच्या शांततेंत एक गंमत ऐकूं येते. क्षणभर दोहोंचे ठोके एकत्र पडतात. मग एक किंचित् पुढें सरकतें, टिकटिकीची दाटी होते, आणि बऱ्याच वेळानें तीं पुन्हां एकत्र येतात. एक ध्वनिमुद्रित गाणें संपत असतांनाच दुसरें त्यांत बेमालूम मिसळावें, असें ज्याच्या मनांत येतें त्याच्यापुढें हाच दोन घड्याळांचा प्रश्न उभा राहतो. संगीतरचनेसाठीं संगणकावर जीं साधनें आज मिळतात, तीं हा प्रश्न एक कळ दाबतांच सोडवितात. तें कसें घडतें, आणि त्यांत काय साधतें व काय हरवतें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम थोडा हिशेब करूं. एका गाण्यांत मिनिटाला १२० ठोके पडतात व दुसऱ्यांत १२५. म्हणजे पहिल्याचा एक ठोका ०.५० सेकंदाचा, तर दुसऱ्याचा ०.४८ सेकंदाचा झाला. फरक सेकंदाच्या अवघ्या पन्नासाव्या भागाचा. परंतु तो दर ठोक्यास सांचत जातो. बारा-तेरा ठोक्यांनंतर एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्यें पडूं लागतो, आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळतो.

ही जुळणी पूर्वीं माणसाचा कान करीत असे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क येथील नृत्यगृहांत तबकड्या वाजविणारा फ्रान्सिस ग्रासो यानें ही कला नांवारूपाला आणली, असें मानलें जातें. पुढें टेक्निक्स कंपनीची एसएल-१२०० ही तबकडी फिरविण्याची पेटी १९७२ त निघाली. १९७९ च्या सुमारास आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तींत एक सरकती पट्टी होती. तिनें गति शेकडा आठपर्यंत कमी-अधिक करतां येई. वाजविणारा एका कानानें चालू गाणें व दुसऱ्या कानानें येणारें गाणें ऐके आणि पट्टी केसभर हलवी.

पण तबकडीची गति वाढविली कीं सूरहि चढतो. १२० चे १२५ करावयाचे तर गति सुमारें शेकडा सव्वाचार वाढवावी लागते. तेवढ्यानें पेटीवरील काळी व लगतची पांढरी यांमध्यें जें अंतर असतें, त्याच्या सुमारें सात दशांश इतका सूर वर जातो. म्हणजे गाणें ना या पट्टींतलें राहतें, ना त्या.

संगणक हीच जुळणी चार पायऱ्यांनीं करतो. पहिली पायरी आघात शोधण्याची. तो ध्वनीचे सेकंदाच्या कांहीं शतांशाएवढे तुकडे पाडतो व कोणत्या तुकड्यांत आवाजाचा जोर एकाएकीं वाढला, हें मोजतो. दुसरी पायरी अंतर ठरविण्याची. आघातांचा आलेख तो त्याच आलेखावर ठेवून हळूहळू सरकवितो. किती सरकविल्यावर आघातांवर आघात सर्वांत अधिक बसतात तें पाहिलें कीं मात्रेचें मान निघतें. तिसरी पायरी प्रत्यक्ष मात्रा कोठें कोठें पडते त्या जागीं खुणा करण्याची. चौथी सर्वांत अवघड. सूर न बदलतां काल ताणण्याची. ध्वनीचे लहान लहान, एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे करून ते जवळ आणतात किंवा दूर सारतात आणि सांधे जुळवितात. याच कामाची दुसरी एक गणिती पद्धति अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लॅनागन व गोल्डन या संशोधकांनीं १९६६ त मांडली होती. बर्लिन येथील एबलटन कंपनीनें २००१ त काढलेल्या ‘लाइव्ह’ या साधनानें चालू वादनांतच असें ताणणें सामान्य संगीतकाराच्या हातीं दिलें.

मात्र यंत्राला मोजतां येतें म्हणून समजतेंच असें नाहीं. मिनिटाला ७० मात्रांची चीज तें १४० ची समजतें. ठाय कोणती व दुगुण कोणती, हें केवळ आघातांवरून ठरत नाहीं. समेची गोष्ट त्याहून नाजूक आहे. दोन गाण्यांच्या मात्रा अगदीं जुळल्या, पण एकाची सम दुसऱ्याच्या तिसऱ्या मात्रेवर आली, तर ठोके एकत्र पडूनहि गाणीं परस्परांना परकींच राहतात.

खरा प्रश्न उद्भवतो तो लय मुद्दाम बदलणाऱ्या संगीताचा. विलंबित एकतालांत एक मात्रा कित्येक सेकंदांची असूं शकते. तबलजी मधली जागा लहान बोलांनीं भरतो, आणि यंत्र त्या बोलांनाच मात्रा समजण्याचा संभव असतो. शिवाय ख्याल रंगत जातो तशी लय हळूहळू चढते. गवई एखाद्या जागेवर क्षणभर रेंगाळला तर साथीदार त्याला सांभाळून घेतो. ‘सर्व एका लयींत आण’ अशी आज्ञा मिळाली कीं यंत्र या चढीला व या सांभाळण्याला चूक समजून रंध्यानें तासावें तसें तासून टाकतें. मूळ मुद्रण बहुधा शाबूत राहतें, हें खरें. परंतु तासलेलीच प्रत हातोहातीं पसरली, तर पुढच्या विद्यार्थ्याला गवयाची खरी लय कळावी कशी?

यावर उपायहि त्याच साधनांत आहे. खुणा हातानें सुधारतां येतात. इतकेंच नव्हे, तर कित्येक साधनांत उलट आज्ञाहि देतां येते: गाण्यानें यंत्राच्या रेघांवर न चालतां रेघांनींच गाण्याच्या मागें जावें. नृत्यासाठीं यंत्रावरच रचलेल्या गाण्याला पहिली रीत शोभते. मैफलीच्या मुद्रणाला दुसरी. कोणती कोठें वापरावी, हें यंत्र सांगत नाहीं.

ज्यास हा भेद पारखावयाचा असेल त्यानें एकाच गाण्याची मूळ व तासलेली अशा दोन्ही प्रती लागोपाठ लावाव्या आणि हातानें मात्रा धरून ऐकाव्या. दुसऱ्या प्रतींत हात कोठेंच चुकणार नाहीं. पहिल्या प्रतींत तो जेथें जेथें थांबेल किंवा पुढें धांवेल, तेथें गवयाच्या व साथीदाराच्या मनांत काय होतें याचा विचार करावा.