साध्या गाठीच्या ‘अमर’ पेशी

जबड्यातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. परंतु ‘साधी’ म्हटलेली गाठ निरुपद्रवी असतेच असे नाही. दात घडविणाऱ्या पेशींच्या अवशेषांतून उद्भवणारी अमेलोब्लास्टोमा ही गाठ शरीरात अन्यत्र क्वचितच पसरते, मात्र जबड्याचे हाड पोखरते. नुसती खरवडून काढल्यास ती पुन्हा उद्भवण्याचा धोका मोठा. म्हणून बहुधा सभोवतालच्या निरोगी हाडासह जबड्याचा भाग काढावा लागतो. औषधाने हे टाळता येईल काय, हे तपासण्यासाठी गाठीच्या जिवंत पेशी प्रयोगशाळेत सतत उपलब्ध हव्यात.

कर्करोगाच्या काही पेशी शरीराबाहेरही अखंड वाढतात. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी मुखकर्करोगापासून अशा चार ‘सेल लाइन’, म्हणजे पेशीवंश, तयार केल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या गाठीच्या पेशी मात्र काही विभाजनांनंतर थांबतात. दर विभाजनागणिक गुणसूत्रांची टोके झिजतात. पी-५३ आणि आरबी ही प्रथिने विभाजनाला लगाम घालतात.

जपानमधील हिदेमित्सु हराडा व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हा लगाम सोडविला. ह्युमन पॅपिलोमा विषाणूच्या १६व्या प्रकाराचा डीएनए त्यांनी अमेलोब्लास्टोमाच्या पेशींत घातला. या विषाणूची प्रथिने नेमकी त्या दोन रक्षकांना निकामी करतात. त्यातून ‘एएम-१’ हा पेशीवंश जन्मला. २०१४ मध्ये अनेक अमेलोब्लास्टोमांत ‘बीरॅफ’ जनुकातील बिघाड आढळला, तेव्हा तो ‘एएम-१’मध्येही सापडला आणि त्वचेच्या कर्करोगावरील औषधाचा परिणाम त्यावर तपासता आला.

अर्थात, या अमरत्वाची किंमत आहे. लगाम सुटलेली पेशी मूळ गाठीसारखीच वागेल, असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे निष्कर्ष ताज्या गाठींशी ताडून पाहावे लागतात आणि वेगवेगळ्या रुग्णांपासून अनेक पेशीवंश घडवावे लागतात.

छत्रपती संभाजीनगर येथे १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. पेशीवंश जतन करून संशोधकांना पुरविणारे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र पुण्यात आहे. परंतु नेहमीच्या निदानासाठी गाठ फॉर्मेलिनमध्ये ठेवतात आणि त्यात पेशी मरतात. पेशीवंशासाठी रुग्णाच्या लेखी संमतीने गाठीचा ताजा तुकडा पोषक द्रवात, जंतुसंसर्ग टाळून, त्वरेने प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. शस्त्रक्रियागृहातील ही छोटीशी तयारी नसेल, तर पुढचे सारे विज्ञान सुरूच होऊ शकत नाही.