हायस्कूलची पायरी : औंध संस्थानात आणि आज

औंध संस्थानात मराठी चौथी पास झालेल्या मुलापुढे दोन वाटा असत. पहिली वाट म्हणजे मराठी शाळेतच सातवीपर्यंत शिकायचे, व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा द्यायची आणि जमल्यास प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचे, नाहीतर एखाद्या कचेरीत चिकटायचे. दुसरी वाट इंग्रजी पहिलीत नाव घालण्याची. हा ‘पहिली’ शब्द आजच्या वाचकाला फसवतो. चार वर्षे शिकून झालेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा पुन्हा पहिलीत बसे, आणि तिथून सात इयत्ता चढला की मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पोहोचे. चार आणि सात मिळून अकरा वर्षे. मॅट्रिक जाऊन एसएससी आली तरी हा अकरा वर्षांचा हिशेब कायम राहिला. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली तेव्हा कुठे तो मोडला.

औंधचे नाव निघाले की आपल्याला राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आठवतात, सूर्यनमस्कार आठवतात, मूळपीठाच्या डोंगरावरचे १९३८ चे संग्रहालय आणि गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ च्या जानेवारीत आलेली राज्यघटना आठवते. या सगळ्यावर भरपूर लिहिले गेले आहे. मला त्याच काळातली एक लहान गोष्ट तपासायची आहे. मराठी शाळेतून हायस्कुलात पाऊल टाकणाऱ्या पोराला नेमके कशाला तोंड द्यावे लागे? मी खटाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षे गणित शिकवले. दर जूनमध्ये नव्या मुलांची तोंडे पाहताना हा प्रश्न मनात येई. निवृत्तीनंतर त्यावर वाचायला सवड मिळाली, आणि वाचता वाचता माझाच एक समज चुकीचा ठरला. तो कोणता, ते पुढे येईलच.

आधी भूगोल पाहू, कारण या गोष्टीत निम्मे काम त्याचेच आहे. औंध संस्थान सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि थेट विजापूरकडचे गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे होते आणि मधे इंग्रजी मुलूख. गावे सगळी मिळून बहात्तर. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. आटपाडीहून औंध सत्तर किलोमीटरांहून जास्त, सगळी माणदेशाची उजाड वाट. कुंडलच्या पोराचे त्या मानाने बरे होते. किर्लोस्करवाडीला मीटरगेज गाडीत बसून रहिमतपूरला उतरता येई, आणि मग उरलेला रस्ता. लहान गावांत शाळा असलीच तर ए. व्ही. स्कूल, म्हणजे इंग्रजी तिसरीपर्यंतची. मॅट्रिकपर्यंत जायचे तर मुक्काम हलवावा लागे.

म्हणजे हायस्कूल सुरू होण्याचा अर्थ घर सुटणे असा होता. घर सुटले की पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो, जेवायचे कुठे हा असतो. देशावर त्याची ठरलेली उत्तरे होती. गावात नातेवाईक असला तर त्याच्याकडे राहायचे आणि पाणी भरण्यापासून पोरे सांभाळण्यापर्यंतची कामे करायची. नातेवाईक नसला तर वार लावायचे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असे सात दिवसांची सात घरे शोधायची. एखादे घर कमी पडले तर त्या वारी उपास, नाहीतर माधुकरी. फी माफ करून घेण्याला नादारी म्हणत, आणि ती मिळवायला अर्ज, शिफारस आणि वर्गात वरचा नंबर लागे. नादारी मिळालेल्या मुलाचीही सहामाहीला छाती धडधडत असे, कारण नंबर घसरला की माफी गेली.

ही वाराची सोय सर्वांसाठी नव्हती, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्यांच्या पंगतीत बसायला चालेल त्या जातीच्याच पोराला घरे वार देत. आटपाडीचे शंकरराव खरात (जन्म १९२१) पुढे शिकायला औंधला आले. वडील गावकीचे तराळ. ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनाच्या नावातच तो प्रवास आहे. अशा मुलाला वारांची सात घरे कुठून मिळणार? म्हणून या भागात बोर्डिंगांची चळवळ शिक्षणाच्या चळवळीइतकीच महत्त्वाची ठरली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहे उभी करायला मदत केली. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेले. त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह सुरू केले, आणि हायस्कूल काढले ते १९४० मध्ये. हा क्रम मला फार बोलका वाटतो. आधी भाकरीची सोय, मग सोळा वर्षांनी हायस्कूल.

जेवणाचा प्रश्न सुटला की दुसरा येई तो भाषेचा. मराठी चौथीत पहिला नंबर काढणारा पोरगा इंग्रजी पहिलीत एकदम मुका व्हायचा. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हातात पडायची, आणि घरी विचारायची सोय नसायची, कारण घरात ती लिपी वाचणारे कोणी नसे. गणितात हुशार असलेला मुलगा मागे पडला की तो गणितात कच्चा असे नाही, प्रश्नच कळला नसेल, हे ओळखणारा मास्तर लाभणे हे नशीब.

तिसरी गोष्ट शरीराची. संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे होते. बाळासाहेब स्वतः रोज घालत, घरच्या मंडळींना घालायला लावत. १९३६ मध्ये ते विलायतेला गेले, आणि तिथल्या लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची पद्धत इंग्रजी वाचकांपुढे मांडली. १९३८ मध्ये त्याचे लंडनला पुस्तक निघाले. त्यात व्यायामाबरोबर आहारावरही भर आहे. नमस्कारांना ना साहित्य लागते ना पैसा, त्यामुळे गरीब संस्थानाने ते शाळेत आणणे हे शहाणपणाचेच होते. पण वार चुकलेल्या दिवशी रिकाम्या पोटी नमस्कार घालणाऱ्या पोराचे काय, हा मास्तरी प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

या शिडीवरून कोण वर चढले आणि कोण घसरले ते पाहू. ग. दि. माडगूळकर १९१९ चे. वडील संस्थानच्या नोकरीत, त्यामुळे शिक्षण आटपाडी, कुंडल, औंध असे फिरत झाले. मॅट्रिकला नापास. धाकटे बंधू व्यंकटेश यांनीही मॅट्रिक पुरी केली नाही. कोवळ्या वयात ते मास्तर झाले, आणि औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीतली शाळा ‘बनगरवाडी’तून साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाली. शंकरराव मात्र औंधहून पुण्याला जाऊन वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष १९७३ ला गदिमा, १९८३ ला व्यंकटेश, १९८४ ला खरात. आटपाडीच्या एका तालुक्यातली ही तीन माणसे, आणि त्यांतल्या दोघांवर मॅट्रिकचा शिक्का नाही. यावरून ‘शाळेने काय होते?’ असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटतात. मला उलट वाटते. प्रतिभा होती म्हणून हे दोघे तरले. ज्याच्याजवळ तेवढी नव्हती आणि जो इंग्रजी तिसरीतून परत मेंढरांमागे गेला, त्याची नोंद आपल्याकडे नाही. आणि आतापर्यंत मी ‘मुलगा’, ‘पोरगा’ असेच लिहीत आलो आहे, हेही वाचकांच्या लक्षात आले असेल. या कथेत मुलगी जवळजवळ नाहीच.

८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढच्या काळात हायस्कुले गावोगाव आली. एसटी आली, विद्यार्थ्यांना सवलतीचा पास आला, खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटी फुकट झाली. दप्तर पाठीला लावून सकाळी थांब्यावर उभ्या असलेल्या मुली पाहिल्या की गेल्या ऐंशी वर्षांतला खरा फरक दिसतो. माझा समज होता की अंतर संपले म्हणजे पायरीही संपली. तो चुकीचा होता. पायरी तिथून हलून दुसरीकडे गेली आहे.

आज पाचवीत किंवा आठवीत हायस्कुलात येणाऱ्या मुलाला काय दिसते? प्राथमिक शाळेत त्याचे एक गुरुजी होते, ज्यांना त्याच्या घरची म्हैस व्यायल्याचेही माहीत असे. इथे दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते आणि नवे सर येतात. पहिला महिनाभर मूल कोणत्या तासाला कोणती वही काढायची यातच गोंधळलेले असते. त्याला आपण ‘लक्ष नाही’ म्हणतो. आठवीत हिंदी संपूर्ण घ्यायचे, संस्कृत संपूर्ण घ्यायचे की दोन्ही पन्नास-पन्नास गुणांचे संयुक्त, हे ठरवावे लागते, आणि बहुतेक वेळा ते शेजारचा मित्र ठरवतो. शिवाय सेमी इंग्रजी. इथे जुनी इंग्रजी पहिली वेष बदलून परत आली आहे. काल जो लसावि-मसावि काढत होता त्याच्यापुढे आज एलसीएम-एचसीएफ येतो, एकरूप त्रिकोणांचे काँग्रुअंट ट्रँगल्स होतात. मी सेमीच्या विरोधात नाही. पण पहिले दोन महिने दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले तर निम्मी मुले वाचतात, हे तीस वर्षांच्या खडूच्या धुळीतून सांगतो.

हे सगळे दिसणारे आहे. न दिसणारी पायरी नववीत आहे. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वयाचा, पहिली ते आठवीचा. आठवीपर्यंत शाळेत खिचडी शिजते, सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. आठवीपर्यंत पुस्तके फुकट. २०१० पासून आठवीपर्यंत आकारिक-संकलित मूल्यमापन आणि श्रेणी, म्हणून नापास हा शब्द नव्हता. २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि फेरपरीक्षा आली, तरी तिचा धाक अजून बसलेला नाही. नववीच्या जूनमध्ये त्याच इमारतीत, त्याच जिन्याने वर जाणाऱ्या मुलाचे हे सगळे एका दिवसात सुटते. जेवण बंद, पुस्तके विकत, गणिताचे दोन भाग, ऐंशी गुणांचा पेपर आणि पस्तीसची रेघ. शाळा तीच असल्याने पालकांना काही बदलले आहे असे वाटत नाही. वारांच्या काळात निदान आईला माहीत असे की पोरगा कठीण जागी चालला आहे.

नववीतच गळती का होते, त्याला शाळाही एक कारण आहे. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची मुले नववीत अडवली जातात, किंवा त्यांना ‘१७ नंबरचा फॉर्म भर’ असे सांगितले जाते. म्हणजे शाळेबाहेरून परीक्षा दे. मीही हे सांगितले आहे. एका मुलाला, मार्च महिन्यात, स्टाफरूमच्या दारात. गणितात त्याला एकवीस गुण होते. दोन गुण इकडे, दोन तिकडे करून मी इतरांना वर ढकलले होते. त्याला ढकलले नाही, कारण निकालाची बैठक आदल्याच दिवशी झाली होती. आमच्या भागात अशा मुलांसाठी एक दार नेहमी उघडे असते. विटा-खानापूर-आटपाडीपासून खटाव-माणपर्यंतच्या लोकांनी गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा धंदा देशभर नेला आहे. कुठल्या तरी दूरच्या शहरात चुलत्याचे दुकान असतेच. तो मुलगा आठवड्यात गेला. १७ नंबरचा फॉर्म त्याने भरला नाही.

नव्या मुलांच्या पालकांना मी एक कोरडी गोष्ट आवर्जून सांगत असे. प्रवेश घेतल्यावर जनरल रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी पाहा. नावाचे स्पेलिंग, आईचे नाव, जात आणि जन्मतारीख. मूल शाळेत आहे तोवर चूक दुरुस्त होते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा बाहेर पडला की दुरुस्ती फार अवघड असते. पहिलीत घालताना गुरुजींनी अंदाजे टाकलेली एक जूनची तारीख अजून कितीतरी दाखल्यांवर आहे.

काही वर्षांपूर्वी पौषात यमाईच्या यात्रेला औंधला गेलो होतो. गर्दीत एकाने वाकून नमस्कार केला. तोच मुलगा. अंगावर चांगले कपडे, बरोबर बायको आणि दोन मुले. दुकान आता स्वतःचे आहे म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्याने विचारले, “सर, माझ्या दाखल्यावर जन्मतारीख चुकलीय. पासपोर्टला अडतंय. आता शाळेत बदलून मिळंल का?” मी त्याला नियम सांगितला. त्याने मान हलवली, थोरल्या मुलाला पुढे केले आणि म्हणाला, “ह्याचं नाव औंदा पाचवीला घालायचंय. तारीख मी सोता बघून घालणार.”