मुरूम : वाट पाहू नका, घाईही करू नका

वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी कपाळावर, नाकावर बारीक पुटकुळ्या दिसू लागतात आणि घरातील वातावरण बदलते. मुलगा वा मुलगी आरशासमोर तासन् तास घालवते. वडीलधारी मंडळी मात्र ‘वयच आहे, आपोआप जातील’ असे सांगून विषय संपवतात. तारुण्यपिटिका या नावामुळेही हा समज पक्का होतो. अनेकांचे मुरूम वाढत्या वयाबरोबर ओसरतात, हे खरेच. मात्र तोवर चेहऱ्यावर पडलेले खड्डे ओसरत नाहीत. शिवाय पंचविशी-तिशी उलटलेल्या, विशेषतः स्त्रियांनाही हा त्रास होतो. म्हणूनच मुरूम का येतात आणि त्यावर वेळीच काय करावे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

मुरूम कसे निर्माण होतात?

त्वचेवरील प्रत्येक रोमकूपाशी एक तैलग्रंथी जोडलेली असते. चेहरा, छाती व पाठ या भागांत या ग्रंथी मोठ्या असतात. पौगंडावस्थेत शरीरात ॲन्ड्रोजेन संप्रेरकांचे प्रमाण वाढते. ही संप्रेरके मुलांप्रमाणे मुलींमध्येही असतात. त्यांच्या प्रभावाने तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. त्याच वेळी रोमकूपाच्या आतील मृत पेशी गळून न पडता एकमेकींना चिकटतात आणि त्याचे तोंड बंद होते. एरवी त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणारे ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ हे जीवाणू कोंडलेल्या तेलात वाढतात आणि दाह सुरू होतो. सुरुवातीची बारीक पुटकुळी मग लाल होते, त्यात पू धरतो. दाह खोलवर गेल्यास कठीण, दुखऱ्या गाठी होतात. खड्डे आणि व्रण राहण्याचा धोका या गाठींमुळे सर्वाधिक असतो.

गैरसमजांची पुटे

मुरूम अस्वच्छतेमुळे येतात, हा सर्वांत रूढ गैरसमज. ब्लॅकहेडचा काळा रंग हा मळ नसून, मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि हवेच्या संपर्कात आलेले तेल यांमुळे तो दिसतो. दिवसातून दहा वेळा साबणाने चेहरा घासल्यास त्वचा कोरडी पडून दाह वाढतो. सौम्य फेसवॉशने दोनदा चेहरा धुणे पुरेसे असते. लिंबाचा रस किंवा टूथपेस्ट लावल्याने त्वचा पोळते. डोक्याला भरपूर तेल थापण्याची सवय असल्यास कपाळावर, केसांच्या कडेने पुटकुळ्या येऊ शकतात.

आहाराचा संबंध पूर्णपणे नाकारता येत नाही. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावर कंदमुळे, फळे, मासे व नारळ यांवर जगणाऱ्या बाराशे रहिवाशांची तपासणी केली असता एकालाही मुरूम आढळले नाहीत, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. यात आनुवंशिकतेचाही वाटा असू शकतो. मात्र रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे गोड पदार्थ, मैदा आणि काही जणांत दूध यांच्याशी मुरुमांचा संबंध असल्याचे अन्य अभ्यासही सुचवतात.

उपचारांची पायरी

सौम्य मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलिनसारखी रेटिनॉइड मलमे उपयोगी पडतात. ती केवळ फोडावर न लावता मुरूम येणाऱ्या संपूर्ण भागावर पातळ थरात लावायची असतात. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा कोरडी पडते, सालपटे निघतात. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. नेमक्या याच काळात कंटाळून अनेक जण उपचार सोडतात. दाह अधिक असल्यास डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके मर्यादित काळासाठी देतात. नुसती प्रतिजैविके दीर्घकाळ घेतल्यास जीवाणू त्यांना दाद देईनासे होतात. खोल गाठी वा व्रण पडू लागले असतील तर आयसोट्रेटिनॉइन हे प्रभावी औषध आहे. मात्र गर्भावस्थेत ते घेतल्यास बाळात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. त्यामुळे उपचार चालू असताना आणि थांबवल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळणे बंधनकारक असते. रक्ततपासणी आणि डॉक्टरांची देखरेख याशिवाय हे औषध घेऊ नये.

मैत्रिणीचे मलम

खरा धोका आहे तो मैत्रिणीने सुचवलेल्या किंवा औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या मलमाचा. ‘गोरेपणा’साठी वापरल्या जाणाऱ्या कित्येक मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. ते लावताच लाली उतरते आणि चेहरा उजळ भासतो. काही आठवड्यांत मात्र त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि नवे मुरूम उठतात. मलम थांबवले की दाह उसळतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते आणि त्वचेला त्याची सवय लागते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री रोखण्यासाठी नियम कडक केले. तरीही ट्यूबवरील घटकद्रव्ये वाचण्याची सवय ग्राहकांनी लावून घेतली पाहिजे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे दिसल्यास ते मलम मुरुमांसाठी नाही, हे ओळखावे. आधीपासून वापर चालू असल्यास ते कसे बंद करावे, हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडू लागले असतील किंवा तीन महिन्यांच्या उपचारानंतरही फरक नसेल तर विलंब करू नये. मुरुमांसोबत मासिक पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडील सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मुरूम गेल्यावरही काळे डाग अनेक महिने राहतात. मुरूम नखाने फोडल्यास आणि उन्हात सनस्क्रीन न लावल्यास ते अधिक गडद होतात. डाग काळाच्या ओघात फिके होतात. खड्डे मात्र लेझर वा मायक्रोनीडलिंगने कमी झाले तरी पूर्णपणे भरून येतीलच असे नाही.

आणखी एक गोष्ट घरातील मोठ्यांनी ध्यानात घ्यावी. चेहऱ्यावरून केलेली थट्टा कोवळ्या मनाला खोल लागते. मुरुमांमुळे समारंभ टाळणारे, फोटोत मान फिरवणारे मूल नखरे करत नसते. त्याला उपदेशापेक्षा वेळेवर मिळालेल्या उपचाराची आणि थोड्या धीराची गरज असते.