न आलेल्या बसचा खर्च

संसार करणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. खर्च दोन तऱ्हेचे असतात. एक चारचौघांत मिरवता येणारा. दुसरा केला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही, पण न केला तर घर अडते. लग्नातला मांडव पहिल्या तऱ्हेचा, रोजचे दूध आणि दळण दुसऱ्या तऱ्हेचे. मांडव मोठा घालता यावा म्हणून दुधाला कात्री लावणाऱ्या गृहस्थाला आळीतले लोक शहाणा म्हणणार नाहीत. मात्र हाच गृहस्थ महानगरपालिकेत किंवा मंत्रालयात जाऊन बसला की त्याला सगळीकडे मांडवच दिसू लागतात. दुधाची आठवणच राहत नाही.

आमच्या पुण्याचेच पाहा. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, पाडून टाकण्यात आले. वय म्हणाल तर जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचे. त्यांच्या रचनेत मेट्रोला जागा नव्हती, म्हणून ते गेले. त्यांच्या जागी दुमजली पूल आला आणि त्याची पहिली बाजू ऑगस्ट २०२५ मध्ये खुली झाली. मधली पाच वर्षे त्या चौकात अडकून पडलेल्या लोकांनी किती तास आणि किती इंधन घालवले, त्याचा जमाखर्च कोणी मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. घरातले कपाट पंधरा वर्षांत मोडीत निघाले तर आपण सुताराला जाब विचारतो. पुलाच्या बाबतीत आपण नव्या पुलाच्या उद्‌घाटनाला जातो.

आता दुसरी बाजू. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका राखून ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. असा प्रयोग देशात पहिला पुण्यानेच केला. अहमदाबाद आपल्यामागून, २००९ मध्ये आले. पण पहिलेपणाचा नारळ फोडून झाल्यावर मार्गिका राखण्याचे नीरस काम उरले, आणि तिथे आमचा उत्साह ओसरला. मार्गिकेत मोटारी शिरल्या, दुचाक्या शिरल्या. नगर रस्त्यावर २०१६ मध्ये सुरू झालेल्या मार्गिकेचा काही भाग तर पुढे उखडूनही टाकला. बस तशीच गर्दीत उभी राहिली.

बस मुळात किती असाव्यात? केंद्र सरकारच्या नगरविकास खात्याने घालून दिलेला चांगल्या सेवेचा मानदंड हजार माणसांमागे ०·६ बस, म्हणजे लाखामागे साठ. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून सुमारे ४८ लाख लोक होते. त्या जुन्या संख्येलाही सुमारे २,९०० बस लागतात. त्यानंतर दोन्ही शहरे किती फुगली हे वाघोलीला किंवा वाकडला जाऊन आलेल्या माणसाला सांगायला नको. आणि पीएमपीएमएलचा ताफा दोन हजारांच्या आसपासच घुटमळत राहिला आहे.

ही बस तोट्यात चालते, अशी ओरड दर वर्षी होते. तूट पुणे महानगरपालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी वाटून घेतात, आणि उपकार केल्यासारख्या घेतात. पण उड्डाणपुलाची तूट कोणी विचारतो काय? पुलावर तिकीट नाही, तेव्हा त्याचे उत्पन्न शून्य. तरी तो 'विकास', आणि तिकीट काढून रोज लाखो लोकांना ने-आण करणारी बस मात्र 'बोजा'!

जून २०२५ मध्ये हा बोजा हलका करण्यासाठी भाडे वाढवले. पाच रुपयांचे किमान तिकीट दहाचे झाले, ९०० रुपयांचा महिन्याचा पास १,५०० चा झाला. मी कागद-पेन्सिल घेऊन एक साधा हिशेब केला. कामावर जाऊन-येऊन रोज बावीस किलोमीटर पडतात आणि स्कूटर लिटरला चव्वेचाळीस किलोमीटर देते असे धरा. रोज अर्धा लिटर पेट्रोल, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे साडेबारा लिटर. पुण्यात पेट्रोलने २०२१ मध्ये शंभरी ओलांडली. १०४ रुपये भावाने १,३०० रुपये झाले. पास १,५०० चा! ज्याच्याकडे स्कूटर आहे तो बसमध्ये कशाला बसेल? आणि जिच्याकडे ती नाही, ती चार घरची धुणीभांडी करणारी बाई दहाची नोट वाचवण्यासाठी दोन थांबे पायी जाईल. बसची वाट पाहून कंटाळलेला प्रत्येक जण आज ना उद्या हप्त्यावर गाडी घेतो. २०१८ मध्येच पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपेक्षा पुढे गेल्याची बातमी आली होती. एके काळी हे सायकलींचे शहर होते.

तेव्हा न आलेल्या बसचा खर्च वाचत नाही. तो फक्त जागा बदलतो. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकातून निघून तो आपल्या घरखर्चाच्या वहीत येतो, पेट्रोल, हप्ते आणि डॉक्टर अशा तीन रकान्यांत. तिथून तो देशाच्या वहीत जातो, कारण आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक परदेशातून आणतो. एकीकडे तेलाची आयात कमी करा म्हणून भाषणे द्यायची आणि दुसरीकडे माणसाला गाडी घेण्यावाचून गत्यंतर ठेवायचे नाही, याला धोरण म्हणत नाहीत. इंधनाचे खाते आणि रस्त्याचे खाते दिल्लीत वेगळे असेल. आपल्या घरात ते एकच आहे.

भव्यतेने डोळे दिपण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १९९३ मध्ये वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला, तो असा की वीज घेतली नाही तरी प्रकल्पाचा ठरीव आकार देणे भाग होते. हे पेलणार नाही, हे पुण्यातल्याच 'प्रयास' संस्थेच्या अभ्यासकांनी आकडे मांडून सांगितले होते. मे २००१ मध्ये मंडळाने ती महागडी वीज घेणे थांबवले; तोवर व्हायचे ते झाले होते.

मेट्रोला माझा विरोध नाही. २०२२ पासून ती धावते आहे आणि लोक तिचा उपयोग करतात. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे ११,४२० कोटी रुपये. पण स्थानकापर्यंत पोचायला बस नसेल आणि पदपथावर गाड्या उभ्या असतील, तर माणूस घरून स्कूटरच काढतो, आणि एकदा काढली की कचेरीपर्यंत नेतो. विजेवरच्या बस फेब्रुवारी २०१९ पासून आल्या, ते चांगलेच झाले. त्यांची वीज बव्हंशी कोळशाचीच, हे खरे. तरी एका बसमागे रस्त्यावरच्या तीस-चाळीस गाड्या कमी होत असतील तर तो सौदा फायद्याचा आहे. अट एवढीच, की बस वेळेवर यावी आणि स्वस्त असावी.

म्हणून मते मागायला येणाऱ्यांना आपण एवढेच विचारू या : आमच्या थांब्यावर दर किती मिनिटांनी बस येईल, आणि तिकीट किती पडेल? पुलाचे चित्र दाखवू लागले तर चहा द्यावा आणि प्रश्न पुन्हा विचारावा.