दोन सीट, सातशे किलोमीटर!

गोव्याहून लोक काय काय आणतात? काजू आणतात, बेबिंका आणतात, आणि बाकी जे आणतात ते कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणतात. २००१ साली यवतमाळच्या एका औषधविक्रेत्या काकांनी मात्र गोव्यात बनलेली अख्खी गाडी घरी आणली. लालभडक, कापडी टपाची स्पोर्ट्स कार! घरात माणसं चार आणि गाडीत सीट दोन. "हे गाडीने जायचे, मी अन् पोरं एसटीने," असं काकू आजही सांगतात, आणि सांगताना हसत नाहीत.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. ऐकलं नसेल तर काही बिघडत नाही, रस्त्यावर दिसतेच कुठे! १९९८ साली ही गाडी बाजारात आली. बंगळुरूला रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या सॅन इंजिनिअरिंगच्या घरातली ही कंपनी, कारखाना गोव्यात वेर्ण्याला, डिझाइन फ्रान्सच्या ल माँ ग्रुपचं आणि इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी. बॉडी पत्र्याची नाही, फायबरची. ताकद म्हणाल तर ६० हॉर्सपॉवर. आज ऑफिसच्या पार्किंगमधली साधी हॅचबॅकही यापेक्षा जास्त जोर काढते. पण बॉस, टप उघडा, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसा आणि मग सांगा हॉर्सपॉवर कशाला लागते ते.

काकांची मुलगी माझी मैत्रीण. हिंजवडीत नोकरी, वाकडला फ्लॅट, फ्लॅटचा हप्ता. काकांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तीन वर्षांपूर्वी तिने गाडी पुण्याला आणली. पण नंबर एमएच २९, म्हणजे यवतमाळचा, आणि रजिस्ट्रेशन मार्च २०२६ मध्ये संपत होतं. म्हणजे तपासणीसाठी गाडी यवतमाळला न्यायला हवी. नाहीतर विकायला हवी. पुण्यातल्या एका हौशी गिऱ्हाईकाने आकडाही सांगून ठेवला होता. तिच्या हप्त्यांच्या हिशेबात तो आकडा फार छान बसत होता.

इथे जरा कायद्याचा फंडा समजून घेऊ. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० रुपयांवरून थेट ५ हजारांवर गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १० हजार झाली. वर पर्यावरण कर वेगळा. 'विंटेज' म्हणून मान मिळवायचा तर गाडीने पन्नाशी गाठायला हवी. म्हणजे पंचविशीतली गाडी ना इकडची ना तिकडची! माणसाची पंचविशी म्हणजे स्थळं बघायचं वय, गाडीची पंचविशी म्हणजे भंगारवाला बघायचं.

तर २६ जानेवारी सोमवारी आली होती. शनिवारी पहाटे निघायचं, मंगळवारी आरटीओ. "चलतेस?" तिने विचारलं. फ्रीलान्सरला सुट्टी मागावी लागत नाही, हा एक फायदा. (पगारही मागावा लागतो, तो भाग वेगळा.)

समृद्धी नको रे बाबा!

पहिला वाद रस्त्यावरून. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालाय, तर संभाजीनगरला जाऊन तो का पकडायचा नाही? तिचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. जुन्या गाडीने जाताना किलोमीटर मोजायचे नसतात, दोन गॅरेजमधलं अंतर मोजायचं असतं. समृद्धीवर तासन्‌तास काँक्रीट आणि एकशेवीसच्या स्पीडने अंगावरून जाणाऱ्या एसयूव्ही. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, उमरखेड, आर्णी या रस्त्यावर मात्र दर पंधरा-वीस किलोमीटरला गाव, आणि गाव तिथे पंक्चरवाला. हिशेब सातशेच्या आसपास किलोमीटरचा. ठरलं.

तयारी तिने महिनाभर आधी सुरू केली होती. आपल्यातले बरेच जण लाँग ड्राइव्हची तयारी म्हणजे गाण्यांची प्लेलिस्ट समजतात, म्हणून मुद्दाम सांगते. टायरची नक्षी चांगली दिसत होती, तरी तिने चारही बदलले, कारण टायर वापराने नाही तर वयानेही मरतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. बघा कधी तरी आपल्या गाडीचे. टायमिंग बेल्टचंही तसंच, गाडी उभी असली तरी त्याचं रबर म्हातारं होत राहतं. आणि पेट्रोलचे पाइप! आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. त्या काळात गाड्या बनवणाऱ्यांनी असल्या पेट्रोलचा विचार केलेला नव्हता. म्हणून सगळे पाइप नवे, इथेनॉल सोसणारे. हे इंजिन परदेशात रेनॉच्या ट्विंगोत होतं, पण ट्विंगो आपल्याकडे विकायला आलीच नाही, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात पार्ट मागायची सोय नाही. सीटमागच्या सांदीत फ्यूज, रिले, होजपाइप, क्लिपा, कूलंट, इन्सुलेशन टेप आणि एम-सील. माझ्या बॅगेला जागा उरली मांडीवर.

सोलापूरपर्यंतचं काही सांगण्यासारखं नाही. सोलापूरनंतर थंडी मोडली आणि आम्ही टप उघडला. पुढचे दोन तास केसांचं काय झालं ते विचारू नका.

लातूर गेलं, नांदेड गेलं. हदगावनंतर पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. कापसाचे दिवस होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहतो, सगळ्या बाभळी म्हातारीच्या केसांसारख्या पांढऱ्या. एरवी एसी गाडीच्या काचेतून हे दिसतं, पण इतक्या खालून नाही. बैलगाडी शेजारून गेली तेव्हा माझं डोकं बरोबर चाकाच्या आसाजवळ होतं. बैलाने वळून माझ्याकडे पाहिलं. तो वरून बघत होता, मी खालून!

आणि स्पीडब्रेकर. गावोगावचे, हौसेने घातलेले. तिची पद्धत ठरलेली होती. मी उतरायचं, गाडी तिरकी करून एकेक चाक चढवायचं, मी पुन्हा बसायचं. फायबरला पोचा येत नाही, तडा जातो. महागावपर्यंत मी अकरा वेळा उतरले.

टेंपरेचरचा काटा चढला तो महागावच्या पुढे. तिने ताबडतोब गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात न लावता वीस मिनिटं नुसती उभी राहिली. (गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं. वाफ थेट तोंडावर येते.) पाणी पुरेसं होतं, गळती नव्हती, फक्त पंखा फिरत नव्हता. पाणी ठराविक गरम झालं की पंखा सुरू करणारा एक छोटा स्विच असतो. पंचवीस उन्हाळे काढल्यावर तो कुठल्याही गाडीचा दगावू शकतो, आणि यवतमाळचे उन्हाळे म्हणजे पंचेचाळीस डिग्री!

थोड्या अंतरावर एका टपरीत ट्रॅक्टरची वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन होता. वय असेल बावीस-तेवीस. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"बाप्पा! हे कोनत्या कंपनीची व्हय ताई?"

"गोव्याची."

"काऊन मजाक करता?"

मग त्याने टेस्टर काढला, पंख्याला थेट बॅटरीचा करंट देऊन पाहिला. फिरला. म्हणजे मोटर जिवंत, स्विच मेलेला. आमच्याच डब्यातला रिले घेऊन त्याने अर्ध्या तासात पंखा 'डायरेक्ट' केला आणि डॅशबोर्डखाली एक बटण लावून दिलं. ट्रॅक्टरचं, हिरवं, अंगठ्याएवढं. "चालू गाडीत चालूच ठेवा. बंद केल्यावर आठवनीनं बंद करा, नाय तं बॅटरी झोपते." दीडशे रुपये. त्याने पैसे घेतले, फोटो काढला, आणि "एक राउंड?" असं विचारायच्या आतच तिने किल्ली त्याच्या हातात दिली. मी असते तर दिली नसती. तो दोन किलोमीटर जाऊन परत आला आणि उतरल्यावर काहीच बोलला नाही.

समृद्धीवर हा भेटला असता का?

आर्णीनंतर रस्ता पठारावर चढायला लागतो, दोन्हीकडे साग. अंधार पडल्यावर टप बंद केला तरी कडेने गार वारा आत येत होता. यवतमाळात पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. काका फाटकातच उभे. त्यांनी मुलीआधी गाडीचं बॉनेट हाताने चाचपलं, मग म्हणाले, "ये बेटा."

काकांची सीट

रविवारी सांबारवडी. पुणेकरांनी इथे गोंधळू नये, विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. काकांना हिरवं बटण दाखवलं तर ते खूष! यवतमाळकरांना जुनी यंत्रं चालवत ठेवायचं वावडं नाही, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर ही नॅरोगेज रेल्वे इंग्रजांच्या काळात कापसासाठी टाकलेली. तिचं १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं! पुढे डिझेल आलं, आणि आता ती गाडीही बंद आहे.

सोमवारी काका म्हणाले, पांढरकवड्याला जाऊन येऊ. २००१ मध्ये गाडी आणल्यावर ते दर रविवारी पहाटे तिकडेच जायचे. पण मामला बसण्याचा होता. ही गाडी इतकी खाली की तिच्यात बसत नाहीत, उतरतात. सत्तर वर्षांच्या गुडघ्यांना ते झेपेना. शेवटी काकूंनी पाट आणला. काका आधी पाटावर बसले, मग पाय आत, मग बाकीचे काका. पाच मिनिटं लागली. कुणी मदतीला आलेलं त्यांना चाललं नाही.

दोन सीट, चार माणसं. मी आणि काकू मागून घरच्या साध्या गाडीत. जोडमोहा, मोहदा करत करंजीला आलो की राष्ट्रीय महामार्ग ४४ लागतो. श्रीनगर ते कन्याकुमारी, देशातला सगळ्यात लांब हायवे, २०१० पर्यंत याचाच बराच भाग सात नंबरचा होता. पुढे पांढरकवडा, आणि तिथून टिपेश्वर अभयारण्याची हद्द जवळच. वाघांचा मुलूख, त्यामुळे रात्रीच्या ड्राइव्हचे बेत इथे आखू नयेत.

मागून मला फक्त दोन डोकी दिसत होती. सुरुवातीला उजवीकडचं डोकं पुढे बघत होतं आणि डावीकडचं सारखं स्टिअरिंगकडे. करंजीच्या पुढे डावीकडचं डोकं सीटला टेकलं. "झोपले," काकू म्हणाल्या. झोपले नव्हते. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगेच्या पुलाआधी गाडी थांबली, पलीकडे तेलंगण. काका खाली उतरले नाहीत, पुन्हा बसायचे वांधे. बसल्या बसल्याच त्यांनी मुलीला विचारलं, "गिऱ्हाईक किती देतंय?"

तिने आकडा सांगितला.

"बरा आहे," काका म्हणाले. "घे. घराचे हप्ते आधी." मग बराच वेळ नदीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "परत जाताना पन्नासच्या वर नको नेऊ. आज घाई नाही."

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं. ज्या गाडीत त्यांना कधी जागा मिळाली नाही, तिच्यासाठी!

मंगळवारी आरटीओत रांग. मोटार वाहन निरीक्षकांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, वायपर फिरवले, पीयूसी पाहिलं, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला. हिरव्या बटणाकडे बघून विचारलं, "हे काय?" तिने सांगितलं. ते हसले. गाडी पास.

फी तिने भरली. दहा हजार, वर पर्यावरण कर. बाहेर येऊन तिने गिऱ्हाईकाला मेसेज टाकला की सध्या विकत नाही, आणि मला म्हणाली, आता पावसाळ्यापर्यंत बाहेर जेवण बंद. काकांना हे घरी जाऊन सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. कॅलेंडर काढून पानं उलटायला लागले. चैत्रात माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचं, गाडीनेच, गडाचा चढ आहे म्हणून आधी क्लच बघून घ्यायचा.

"आणि मी?" काकूंनी विचारलं.

काका गप्प.

"राहू द्या. मी एसटीनेच येते, वेळेवर पोचीन."